गिटार ऐकायची तर कान बाकीच्यांकडे लावा

एरिक क्लॅप्टनने आपल्या क्रीम या बँडच्या दिवसांतली एक आठवण सांगितली आहे. बँड तिघांचा. गिटारवर तो स्वतः, बेसवर (खालच्या, जाड सुरांच्या गिटारवर) जॅक ब्रूस, ड्रम्सवर जिंजर बेकर. एका कार्यक्रमात तिघंही भरात असताना क्लॅप्टन मध्येच थांबला. तारांवरचा हात काढून घेतला. बाकीच्या दोघांच्या ते लक्षातच आलं नाही, ते आपापलं वाजवत राहिले. १९६६ साली जमलेला हा बँड १९६८च्या अखेरीस मोडला.

रॉकमधल्या उत्स्फूर्त वादनाचा विषय निघाला की मला ही गोष्ट आधी आठवते, कारण त्या काळात क्लॅप्टनच्या बोटांत काही म्हणता काही कमी नव्हतं. १० मार्च १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात त्याने वाजवलेलं ‘क्रॉसरोड्स’ गिटार शिकणारे आजही सूर न् सूर बसवतात. जे हरवलं होतं ते बोटांच्या बाहेरचं होतं.

गिटारिस्ट किती मोठा हे ठरवताना आपण सहसा त्याच्या हाताकडे बघतो. किती वेगात वाजवतो, किती अवघड वाजवतो. ठरलेलं गाणं वाजवायचं असेल तर ते पुष्कळ अंशी ठीकही आहे. पण जिथे पुढच्या मिनिटाला काय होणार हे मंचावरच्या कुणालाच ठाऊक नसतं, तिथे गिटारिस्टची उंची त्याच्या गिटारपेक्षा शेजारच्या बेसमध्ये आणि ड्रम्समध्ये जास्त ऐकू येते. त्याने एक स्वर लावला की बाकीचे काय करतात? आणि बाकीच्यांनी काही केलं की त्याचा पुढचा स्वर बदलतो का? या दोन प्रश्नांची उत्तरं ज्याच्याकडे आहेत तो मोठा, असं माझं मत आहे. ते का, हे जरा सविस्तर सांगतो.

सोलो आणि जॅम

आधी एक फरक स्पष्ट करायला हवा. नेहमीच्या रॉक गाण्यात कडवं, ध्रुवपद, पुन्हा कडवं आणि मग आठ-सोळा आवर्तनांचा गिटार सोलो, म्हणजे गिटारने पुढे येऊन वाजवलेला तुकडा, येतो. पुष्कळदा तो स्टुडिओत घासूनपुसून ठरवलेला असतो आणि कार्यक्रमात तसाच वाजावा अशी ऐकणाऱ्यांची अपेक्षा असते. असा बांधून ठेवलेला सोलो फार सुंदर असू शकतो. पण ती रचना झाली.

जॅममध्ये गाणं म्हणजे नुसतं प्रवेशद्वार. गायन संपतं आणि वाद्यं मोकळी सुटतात. हे मोकळं सुटणंही दोन प्रकारचं असतं. एकात गाण्याच्या कॉर्ड्सचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळण्यांचा, क्रम तसाच फिरत राहतो आणि गिटारिस्ट त्यावर नवं नवं वाजवतो. दुसऱ्यात तो क्रमच विरघळतो. सूर बदलतो, लय बदलते, कधी ठेकाही नाहीसा होतो आणि सगळा बँड अशा ठिकाणी जाऊन पोचतो की मूळ गाणं कोणतं होतं हे आठवावं लागतं. पहिल्या प्रकारात चांगला गिटारिस्ट पुरतो. दुसऱ्यात त्याचा कस लागतो.

हे सगळं आलं कुठून? १९५९ साली जॅझमधला तुतारीवादक माइल्स डेव्हिसने ‘काइंड ऑफ ब्लू’ ही ध्वनिमुद्रिका केली. त्याआधीच्या जॅझमध्ये कॉर्ड्स भराभर बदलत आणि वादकाला प्रत्येक कॉर्डमागे धावावं लागे. माइल्सने ती धावपळ काढून टाकली. एकच स्वरसमूह बराच वेळ ठेवायचा आणि त्यातच राहून काय सांगता येतं ते बघायचं. आपल्याला यात नवल वाटत नाही, कारण राग तसाच उलगडतो. त्याच बँडमधला सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन पुढे याच वाटेने खूप लांब गेला आणि त्याचा कान रविशंकरांच्या सतारीकडेही होता. रॉकवाल्यांनी हे दोन्ही ऐकलं. १९६६ साली शिकागोच्या पॉल बटरफिल्ड ब्लूज बँडने ‘ईस्ट-वेस्ट’ नावाची तेरा मिनिटांची वाद्यरचना काढली. खाली बेस एकाच सुरावर जवळजवळ तंबोऱ्यासारखा, वर माइक ब्लूमफील्डची गिटार आलापीच्या चालीने सरकणारी. रॉकच्या गिटारिस्टला अचानक प्रशस्त अंगण मिळालं.

त्या अंगणात सर्वांत जास्त काळ राहिलेला बँड म्हणजे १९६५ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेला ग्रेटफुल डेड. त्यांचं ‘डार्क स्टार’ १९६८ मध्ये छोट्या तबकडीवर आलं तेव्हा तीन मिनिटांचंही नव्हतं. पुढच्या वर्षी ‘लाइव्ह/डेड’ या संग्रहात तेच तेवीस मिनिटांचं झालं. मध्ये काय भरलं? शब्द तेवढेच होते. मुळात गाण्याचा पाया म्हणजे जवळपास दोन कॉर्ड्सचं येणं-जाणं. स्वर मिक्सोलिडियन मोडचे, म्हणजे आपल्या खमाज थाटाचे: सगळे शुद्ध, फक्त निषाद कोमल. हा कोमल निषाद महत्त्वाचा. शुद्ध निषाद षड्जाकडे ओढ घेतो, ‘आता घरी चला’ म्हणतो. कोमल निषाद तशी घाई करत नाही. त्यामुळे संगीत अधांतरी तरंगत राहू शकतं, आणि तरंगताना प्रत्येकाला इकडेतिकडे बघायला वेळ मिळतो.

बोटांतली शब्दसंपत्ती

‘उत्स्फूर्त’ म्हटलं की काहीही न ठरवता शून्यातून काढलेलं, अशी समजूत होते. तसं नसतं. बोलताना आपण शब्द नवे तयार करत नाही, वाक्य नवं करतो. गिटारिस्टचंही तसंच आहे. त्याच्या बोटांत शेकडो छोटे तुकडे बसलेले असतात. त्यांना लिक म्हणतात. ते पुस्तकांतून, तबकड्यांतून, दुसऱ्यांकडून उचललेले असतात. प्रश्न असतो तो या तुकड्यांचं करायचं काय, हा.

रॉकमधला बहुतेकांचा पाया म्हणजे मायनर पेंटॅटॉनिक स्केल: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. राग धानीचे हेच स्वर. गिटारच्या पट्टीवर हे स्वर एका छोट्या चौकटीत हाताखाली सहज येतात आणि म्हणूनच ती चौकट सापळा होते. बोटांना सवय लागते, आणि मग ऐकू येतं ते मनात आलेलं नसतं, हाताला सोपं असलेलं असतं. अशा वेळी वादक कितीही तडफेने वाजवो, तो पाट्या टाकत असतो. ओळखायची खूण सोपी आहे: तोच तुकडा दुसऱ्या गाण्यात, दुसऱ्या लयीत उचलून ठेवला तरी काही बिघडणार नाही असं वाटलं, की समजावं हे इथल्यासाठी सुचलेलं नाही.

ग्रेटफुल डेडचा जेरी गार्सिया या सापळ्यातून कसा सुटला ते बघण्यासारखं आहे. तो आधी बँजो वाजवायचा, ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताचं त्याला वेड होतं. बँजोचा सूर टिकत नाही, लगेच विरतो. त्यामुळे बँजोवादकाला एका लांब सुरावर विसंबता येत नाही. त्याला स्वरामागून स्वर मोत्यासारखे ओवत जावं लागतं आणि प्रत्येक मोती वेगळा ऐकू यावा लागतो. गार्सियाने इलेक्ट्रिक गिटार हातात घेतल्यावरही हे सोडलं नाही. त्या काळात सगळे आवाज फाटेस्तोवर ॲम्प (गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र) चढवत असताना त्याने बऱ्याच वेळा स्वच्छ, काचेसारखा नाद ठेवला. शिवाय त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचा मोठा भाग लहानपणी, चार वर्षांचा असताना, लाकडं फोडतानाच्या अपघातात गेलेला होता. त्या हाताने तो हे सगळं वाजवत होता.

दुसरी गोष्ट जास्त सूक्ष्म आहे. कॉर्ड बदलली की गार्सियाचा सूरही बदलतो. स्केलमध्ये बसणारा कुठलाही स्वर चालेल, असं न मानता तो त्या कॉर्डच्या पोटातला स्वर शोधून नेमक्या वेळी त्यावर येतो. म्हणून बाकी सगळी वाद्यं बंद करून नुसती त्याची गिटार ऐकली तरी खाली कोणत्या कॉर्ड्स चालल्या असतील याचा अंदाज येतो. दोन कॉर्डांच्या गाण्यात हे सोपं, पण गार्सिया बारा कॉर्डांच्या गाण्यातही हे सहज करायचा. स्केल घोकलेले आणि गाणं कळलेले, यांतला फरक मला इथे सर्वांत स्वच्छ दिसतो.

जुलै १९८६ मध्ये मधुमेहामुळे गार्सिया कोमात गेला. शुद्धीवर आल्यावर त्याला गिटार जवळजवळ नव्याने शिकावी लागली. जुना मित्र, कीबोर्डवादक मर्ल सॉन्डर्स त्याच्याजवळ बसून एकेक कॉर्ड आठवून देत असे. १५ डिसेंबरला तो ओकलंडमध्ये पुन्हा मंचावर उभा होता. वीस वर्षं दर रात्री नवं काही वाजवणाऱ्या माणसालाही आधी अक्षरं परत गिरवावी लागली. उपज म्हणतात ती हातात बसलेल्या साहित्यातूनच निघते. ते साहित्य गेलं की तीही थांबते.

श्वास

बासरीवाला किंवा गायक श्वास घ्यायला थांबतो. ती थांबण्याची जागा वाक्याचा आकार ठरवते. गिटारिस्टला श्वासाची गरज नाही, तो दहा मिनिटं सलग वाजवू शकतो, आणि हाच त्याचा शाप आहे. माझ्या मते कंटाळवाण्या जॅमचं सर्वांत मोठं कारण हे: वादकाला कुणी थांबवत नाही.

म्हणून मोठे गिटारिस्ट बहुतेक वेळा गिटारबाहेरच्या कुणाला तरी गुरू करतात. ऑलमन ब्रदर्स बँडचा गिटारिस्ट ड्वेन ऑलमन याने माइल्सची तुतारी आणि कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन पुन्हा पुन्हा ऐकला. ही दोन्ही फुंकून वाजवायची वाद्यं. ऑलमनचं स्लाइडवरचं काम त्यातूनच उमगतं. स्लाइड म्हणजे बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून ती तारेवरून फिरवणं. ऑलमन त्यासाठी सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली वापरायचा. तार पट्टीवर दाबली जात नसल्याने फ्रेटची (पट्टीवर बसवलेल्या आडव्या धातूच्या तारेची) पायरी उरत नाही, एका स्वरातून दुसऱ्यात मींड घेत जाता येतं आणि दोन पायऱ्यांमधल्या जागाही वाजवता येतात. ब्लूजमध्ये कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधला एक सूर असतो, तो तर या जागांतच राहतो. पण नळी जरा इकडेतिकडे झाली की बेसूर. दर स्वरासाठी कान जागा ठेवावा लागतो.

ऑलमन अवघ्या चोवीस वर्षांचा असताना २९ ऑक्टोबर १९७१ रोजी जॉर्जियातल्या मेकन इथे मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्याच्या बँडचा ड्रमर बुच ट्रक्स याचा पुतण्या डेरेक ट्रक्स याने ही विद्या पुढे नेली. तो पिक वापरत नाही, बोटांनी छेडतो. गिटार आणि ॲम्प यांच्यामध्ये सहसा पेडलची (नाद बदलणाऱ्या, पायाने चालवायच्या पेट्यांची) रांग नसते. त्याच्यावर अली अकबर खाँसाहेबांच्या सरोदाचा मोठा प्रभाव आहे. सरोदालाही फ्रेट नसतात हे लक्षात घेतलं की हे नातं किती स्वाभाविक आहे ते कळतं. डेरेकचा सोलो ऐकताना मी नकळत गाण्याचे शब्द शोधू लागतो, इतका तो गळ्याच्या जवळ आहे.

थांबण्याचा दुसरा अर्थ लयीशी बांधलेला आहे. एकच स्वर मात्रेवर नेमका पडला की एक अर्थ, केसभर उशिरा पडला की दुसरा. किंचित मागे राहून वाजवणारा निवांत वाटतो, पुढे जाणारा उतावळा. दोन्ही चालतं, पण ते आपण करतोय हे वादकाला माहीत असलं पाहिजे. आपल्याकडे तबल्याचं ठरलेलं आवर्तन असतं आणि सम सगळ्यांना ठाऊक असते. मोकळ्या जॅममध्ये ती हमी नसते. सम कुठे मानायची हे तिथल्या तिथे, एकमेकांकडे बघत ठरतं.

नादही एक निर्णय आहे

१ जानेवारी १९७० रोजी न्यू यॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये जिमी हेंड्रिक्सने ‘मशीन गन’ वाजवलं. सोबत बेसवर बिली कॉक्स, ड्रम्सवर बडी माइल्स. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. बारा मिनिटांच्या त्या वादनात सोलो सुरू होतो एका स्वराने. हेंड्रिक्स तो एकच स्वर लावतो आणि धरून ठेवतो. सेकंदामागून सेकंद. तो स्वर विरत नाही, उलट चढत जातो, किंचाळीकडे झुकतो, आणि खाली ड्रम्स गोळ्यांसारखे कडकडत राहतात.

हे घडतं कसं? इलेक्ट्रिक गिटारचा आवाज ॲम्पच्या स्पीकरमधून बाहेर येतो. आवाज पुरेसा मोठा असला आणि वादक स्पीकरजवळ असला, तर हवेतून येणारी कंपनं तारेला पुन्हा हलवतात, ती हालचाल पुन्हा ॲम्पमध्ये जाते आणि चक्र सुरू होतं. याला फीडबॅक म्हणतात. बहुतेकांना ही कटकट वाटायची. हेंड्रिक्सने तिचं वाद्य केलं. अंग जरा वळवलं, गिटारचा कोन बदलला, तारेवर बोट हललं की स्वराचा रंग पालटतो. यात वेगाचा काडीचाही संबंध नाही. त्या एका स्वरात मात्र बरेच निर्णय आहेत: कधी सुरू करायचा, किती वेळ ऐकणाऱ्याला ताटकळवायचं, कधी सोडायचा.

इतकं टोकाला जायला नको, गिटारवरचं आवाजाचं साधं बटणही पुष्कळ काही सांगतं. ॲम्प चढवून ठेवून गिटारवरचं बटण कमी केलं की नाद स्वच्छ होतो, वाढवलं की खरखरीत. चांगला जॅम गिटारिस्ट ते बटण वाजवता वाजवता सतत फिरवत असतो. आवाज कमी करणं म्हणजे दुसऱ्याला बोलायला जागा करून देणं. ज्याचं बटण रात्रभर दहावरच असतं त्याचा मला लवकर शीण येतो, तो कितीही नावाजलेला असो.

ऐकणं शिकता येतं

आता मूळ मुद्दा. ऐकायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

वादकाचं सगळं लक्ष आपल्या हातावर असलं तर दुसऱ्याचं ऐकायला जागा उरत नाही. म्हणून हात इतके तयार लागतात की त्यांच्याकडे बघावं लागू नये. तयारीचा खरा उपयोग हा आहे. १९८३ साली व्हरमाँटमध्ये सुरू झालेल्या फिश या बँडने यासाठी सरावाचे खास खेळ तयार केले. एक जण छोटासा तुकडा सुरू करतो. बाकीचे तिघं त्याला पूरक असं काहीतरी शोधतात, त्याचीच री ओढायची असं नाही. आपल्याला वाटलं की बाकीचे सगळे जागेवर बसले आहेत, की ‘हे’ म्हणायचं. चौघांनी ‘हे’ म्हटलं की पुढचा माणूस काहीतरी बदलतो आणि सगळे पुन्हा शोधू लागतात. या खेळाची खुबी अशी की स्वतःचं वाजवणं झकास चाललं आहे म्हणून ‘हे’ म्हणता येत नाही. दुसरे तिघं काय करत आहेत ते कळलं तरच म्हणता येतं. या बँडचा गिटारिस्ट ट्रे अनास्तासियो जलद वाजवण्यात कुणाला हार जाणारा नाही, पण लांब जॅममध्ये तो कित्येकदा दोन-तीन स्वरांची तालबद्ध टिचकी धरून बसतो आणि बेस व कीबोर्डला वर येऊ देतो. २०१७च्या उन्हाळ्यात न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये फिशने तेरा रात्री वाजवलं आणि एकही गाणं दुसऱ्यांदा वाजवलं नाही. अशी हिंमत एकट्या गिटारिस्टच्या जोरावर होत नाही.

ग्रेटफुल डेडमध्ये तर प्रत्येक जण ठरलेल्या कामाबाहेर गेलेला होता. फिल लेशचं शिक्षण तुतारी आणि संगीतरचनेचं. बँडमध्ये येईपर्यंत त्याने बेस हातात घेतलेला नव्हता, त्यामुळे बेसने कसं ‘वागायचं’ हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो दुसरा सूर गात असल्यासारखा वाजवायचा. दुसरा गिटारिस्ट बॉब विअर याने ऱ्हिदम गिटारसाठी (लय आणि कॉर्ड्स धरणाऱ्या साथीसाठी) आदर्श ठेवला तो कोल्ट्रेनच्या पियानोवादकाचा, मकॉय टायनरच्या डाव्या हाताचा. म्हणजे एकसारखा ठोका न देता कॉर्डचे तुकडे अनपेक्षित जागी टाकायचे. मागे दोन ड्रमर. अशा गर्दीत गार्सियाने सतत पुढे राहून वाजवलं असतं तर सगळा चिखल झाला असता. त्याची गिटार नीट ऐका: पुष्कळदा ती लेशच्या तुकड्याला उत्तर असते, विअरच्या कॉर्डने उघडलेल्या फटीतून बाहेर आलेली असते.

चुकांचंही इथेच सांगतो. उत्स्फूर्त वादनात चुकीचा स्वर लागणारच. सात स्वरांच्या स्केलमध्ये प्रत्येक चुकीच्या स्वराला लागूनच, एका फ्रेटवर, बरोबर स्वर असतो. म्हणजे वाचायला फार लांब जावं लागत नाही. नवखा दचकतो आणि त्या दचकण्याने लय सांडते. जाणता त्या स्वरावरून शांतपणे शेजारी सरकतो, आणि ती चूक न वाटता घेतलेली जागा वाटते. काही वेळा तो चुकलेला स्वर मुद्दाम पुन्हा वाजवतो. मग बेसवाला त्याला पकडतो, कीबोर्डवाला त्याखाली वेगळी कॉर्ड ठेवतो आणि जॅमला नवा सूर मिळतो. पण त्यासाठी बेसवाल्याने ऐकलेलं असावं लागतं. क्रीमच्या त्या रात्री तर गिटार अख्खी बंद पडली तरी कुणाला कळलं नव्हतं.

नेणं

ऐकणं सर्वांनीच करायचं. मग गिटारिस्टचं वेगळं काम काय? सहसा त्याच्याकडे नेण्याचं काम येतं. त्याच्या वाद्याचा आवाज वरच्या पट्टीत मोकळा असतो, लोकांचा कान त्याच्यावर असतो आणि तो जरा तापला की सगळा बँड तापतो.

ऑलमन ब्रदर्स बँडने १२ आणि १३ मार्च १९७१ रोजी फिलमोर ईस्टमध्ये केलेलं ध्वनिमुद्रण हा याचा उत्तम पाठ आहे. ‘व्हिपिंग पोस्ट’ हे गाणं १९६९च्या पहिल्या संग्रहात सुमारे पाच मिनिटांचं होतं. इथे ते तेवीस मिनिटांचं आहे. सुरुवात अकरा मात्रांच्या अडखळवणाऱ्या बेसने होते. मग ऑलमन आणि डिकी बेट्स या दोघा गिटारिस्टांचे सोलो येतात. दोघांचा स्वभाव वेगळा. ऑलमन ब्लूजच्या मातीतून उसळतो, बेट्स गोड, गाणारे सूर बांधतो. एक वाजवत असताना दुसरा गप्प नसतो. तो मागे कॉर्ड्सचा भाता चालवतो, योग्य वेळी एखादा तुकडा पुढे सरकवतो, आणि कधी दोघं मिळून एकच सूर दोन उंचीवर वाजवतात.

शिखरापर्यंत पोचल्यावर हा बँड जे करतो ते मला सगळ्यात जास्त भावतं. जोर आणखी वाढवायच्या जागी ते उतरतात. आवाज कमी होत होत जवळजवळ काही उरत नाही. ठेका जातो. एक गिटार, दबकत, सुटे सुटे स्वर टाकत राहते, आणि बाकीचे तिच्याभोवती श्वास रोखून उभे असल्यासारखे वाजवतात. मध्येच एका बालगीताची ओळखीची चाल डोकावून जाते. हजारो लोकांसमोर, गोंगाटासाठी जमलेल्या सभागृहात, इतकं हळू वाजवायला धीर लागतो. इथून परत वर चढायचं तर आधी खाली येणं भाग होतं. प्रत्येक चढावर आणखी चढ रचणाऱ्याला थोड्या वेळाने जायला जागाच राहत नाही. बढत करताना कुठे थांबायचं, किती राखून ठेवायचं, हा हिशेब वाजवता वाजवता करावा लागतो. हा हिशेब पक्का असलेले फार थोडे.

नेण्यात ओढणं नसतं, हेही महत्त्वाचं. गिटारिस्टने नवी कल्पना मांडली आणि कुणी ती उचलली नाही, तर ती सोडून देता आली पाहिजे. एप्रिल १९७०मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमध्ये ग्रेटफुल डेडच्या आधी माइल्स डेव्हिसचा बँड वाजवत होता. ज्याच्याकडून हे सगळं शिकलं तोच आपल्या आधी मंचावर. माइल्स या बाबतीत गुरूंचा गुरू: दोन स्वर फुंकायचा आणि बाजूला व्हायचा, बाकीचे त्या दोन स्वरांचं काय करतात ते ऐकत राहायचा.

कसं ऐकावं

या संगीतात फसलेल्या रात्रीही खूप असतात. वीस मिनिटं सगळे नुसते फिरत राहतात आणि काही सापडत नाही. जिथे सापडण्याची शक्यता आहे तिथे न सापडण्याचीही असणार, आणि ज्याला हे चालत नाही त्याने ठरलेलं वाजवावं. ग्रेटफुल डेडने दोन हजारांहून जास्त कार्यक्रम केले आणि श्रोत्यांना ते ध्वनिमुद्रित करू दिले. १९८४ पासून तर सभागृहात त्यांच्यासाठी वेगळी जागाच ठेवली. त्यामुळे एकच गाणं शंभर रात्री शंभर प्रकारे ऐकता येतं, चांगलंही आणि पडलेलंही. ८ मे १९७७चा कॉर्नेल विद्यापीठातला कार्यक्रम तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीत जतन केला आहे. तो जरूर ऐकावा, पण तेवढ्यावर थांबू नये. एखादी साधी, अर्धवट जमलेली रात्रही ऐकावी. गिटारिस्ट अडकल्यावर काय करतो, हे तिथेच कळतं.

ऐकायची माझी पद्धत सांगतो. एक लांब जॅम निवडायचा. पहिल्यांदा गिटारच ऐकायची, कारण कान तिकडेच जातो, त्याला अडवून उपयोग नाही. दुसऱ्यांदा फक्त बेस धरायचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, गिटार कितीही खुणावो. तिसऱ्यांदा ड्रम्स. चौथ्यांदा सगळं सोडून फक्त अशा जागा शोधायच्या जिथे गिटार गप्प झाली आणि तिच्या गप्प होण्याने बाकीच्यांचं वाजवणं बदललं. ‘व्हिपिंग पोस्ट’च्या त्या उतारावर अशा जागा ओळीने आहेत. बेरी ओकलीचा बेस एकदा गिटारचा सुटलेला धागा उचलतो आणि त्याच क्षणी दोन्ही ड्रमर झांजेवर हलके येतात. मी ती जागा किती वेळा ऐकली असेन, तरी दर वेळी तिथे पोचायच्या आधी हातातलं काम थांबतं.